तारण

शिवाजीनगर कोर्टाच्या चार नंबर गेटाबाहेर
माझं टाइपरायटर, एक छत्री, दोन स्टुलं.
दुसऱ्या स्टुलावर एकतीस वर्षं बसले
शद्रक अंबादास वाघचौरे, बी.ए., एलएल.बी.,
बाररूममध्ये पाठीमागे 'पाद्री',
तोंडावर 'साहेब'.

काळा कोट, कोपरांवर हिरवट पडलेला.
उजव्या खिशात कोर्ट फीची तिकिटं,
डाव्यात गुलाबी पत्रिका, चार पानी :
'आज रात्री मेलात, तर?'
पक्षकार दचकायचे.
आधीच तारखेला आलेली माणसं.

आई त्यांची राहुरीकडची बायबलबाई,
वस्त्यावस्त्यांवर अनवाणी वचन सांगत फिरलेली.
हे ते चहा बशीत ओतता ओतता सांगत.
स्वतः दर शनिवारी खडकी बाजारात
खोक्यावर उभे राहत. एका शनिवारी
कुणीतरी दात पाडला.
फिर्याद मीच टाइप केली, तीन प्रतींत.
सोमवारी त्यांनी ती कार्बनसकट फाडली.
"माफ केलं," म्हणाले,
मग दाताच्या रिकाम्या जागेवर जीभ फिरवत,
"पण दुखतंय फार, मुरलीधर."

खोटं प्रतिज्ञापत्र करत नसत.
त्यात माझंही नुकसान,
मला पानामागे पैसे मिळतात.

पुढे त्यांच्याच चर्चची केस आली.
दफनभूमीलगतचा तुकडा पंचांनी बिल्डरला दिलेला,
आणि हे धर्मादाय आयुक्तांसमोर उभे, पंचांविरुद्ध.
प्रतिवादी क्रमांक तीन : सख्खा मेहुणा.
सात वर्षं. माझ्या यंत्राचा 'क्ष' त्यातच झिजला.
जिंकले. तिथं सीताफळाचं एक झाड आहे, अजून आहे.
त्या रविवारी चर्चमध्ये म्हणे
त्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

आणि एकदा जिंकून हरलेले पाहिले.
बायकोला जाळल्याच्या आरोपातला पोरगा,
कोठडीत गुडघे टेकून रडला, बदललो म्हणाला.
साहेबांनी सोडवला.
दुसरं लग्न झालं, आणि अकरा महिन्यांनी
तीच बातमी, फक्त बाईचं नाव वेगळं.
दिवसभर स्टुलावर बसून राहिले,
एक ओळ सांगितली नाही.
"मी त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं होतं."
मी म्हणालो, "पाणी पुराव्यात धरत नाहीत, साहेब."
बोलायला नको होतं.

एका दुपारी मी बँकेचा दस्त टाइप करत होतो :
'सदर मिळकत तारण ठेवून.'
शेजारी त्यांचा मजकूर पडलेला :
'तारण फुकट मिळते.'
मी विचारलं, साहेब, हे तारण कुठलं?
घर जातं ते, की माणूस वाचतो ते?
खूप हसले, चष्मा काढून पुसला.
"एकच आहे रे. कर्ज तुझं,
गहाण दुसराच कुणी पडला."
मी रिबन फिरवली. काय बोलणार.

दर शुक्रवारी उठताना विचारत,
"मग, विचार केलास?"
"करतो, साहेब."
घरी माझा गणपती, माझी चतुर्थी.
त्यांनी कधी त्यावर उलट तपासणी घेतली नाही.

परवा रिबका आली, त्यांची मुलगी.
वारसाच्या अर्जाला दोन प्रती हव्या होत्या.
'मयत' लिहिताना बोट एकदा चुकलं.
जाताना तिनं एक डायरी दाखवली.
केसची नव्हती. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायचे
त्यांची नावं, बोर्डासारखी ओळीनं मांडलेली.
सतराव्या पानावर मी :
मुरलीधर केशव टिळेकर.
पुढे एकतीस वर्षांचे शुक्रवार,
प्रत्येकासमोर बारीक अक्षरात
'मुदत मागितली. मुदत दिली.'
शेवटची तारीख
त्यांच्या मृत्यूनंतरची.

त्या शुक्रवारी मी वेळेवर हजर होतो.
दुसरं स्टूल पुसून ठेवलं.
साडेपाचपर्यंत थांबलो.
पुकारा झाला नाही.